चौकातला अपघात: पहिल्या तासापासून दाव्याच्या निकालापर्यंत काय करायचं, काय टाळायचं

चौकात दोन गाड्या आपटल्या की पोलीस यायच्या आत गर्दी निकाल देऊन मोकळी होते: "मोठ्या गाडीचीच चूक." भरपाईचे दावे जिथे चालतात त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात हे वाक्य चालत नाही. तिथे विचारतात की सिग्नल कोणाचा होता, वाट द्यायची जबाबदारी कोणाची होती, टक्कर टाळणं कोणाच्या हातात होतं आणि याला पुरावा काय. हा पुरावा पहिल्या दोन-तीन दिवसांत हाती लागला तर लागला. बहुतेक कुटुंबं वकिलाकडे पोहोचतात तेव्हा चार महिने उलटलेले असतात, कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलेलं असतं आणि पंचनाम्यात भलतंच काही लिहिलेलं असतं. दाव्यांचे कागद चाळताना हे इतक्या वेळा दिसतं की हा क्रम एकदा नीट मांडून ठेवणं गरजेचं वाटलं.

## टप्पा १: आधी माणूस, मग गाडी

१. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा. ११२ वर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला कळवा. फोनमधली कॉलची नोंद पुसू नका. तुम्ही किती वाजता कळवलं याचा तोच पुरावा आहे.

२. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं हे चालकाचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ तेच सांगतं. जमाव अंगावर येत असेल तर कायदा तुम्हाला तिथेच उभं राहायला लावत नाही. अशा वेळी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि अपघाताची खबर द्या. घरी जाऊ नका. खबर द्यायची बाहेरची मुदत २४ तासांची आहे, पण शहरात एवढा वेळ घेतलात तर "पळून गेला" हा शिक्का बसलाच म्हणून समजा.

३. मदत करणाऱ्या वाटसरूला कलम १३४-अ चं संरक्षण आहे. रुग्णालय किंवा पोलीस त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाहीत. त्याला हे सांगा आणि तो राजी असेल तर नंबर घेऊन ठेवा. पुढे साक्षीदार म्हणून त्याच्याइतका तटस्थ माणूस मिळणार नाही.

४. केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नोंदणीकृत रुग्णालयात पैसे न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयाच्या खिडकीवर या योजनेचं नाव घेऊन विचारा. आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

सावधान, इथे सगळ्यात महागडी चूक होते. अपघात विभागातल्या केसपेपरवर पहिली नोंद काय होते ती पाहा. घाबरलेला नातेवाईक "गाडीवरून पडला" एवढंच सांगतो, डॉक्टर तेवढंच लिहितात, आणि वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद दाखवून म्हणतो, "धडक बसलीच नाही, स्वतःच घसरून पडला." कधीकधी मेडिक्लेम पटकन मंजूर व्हावा म्हणून मुद्दाम असं सांगितलं जातं. तसं करू नका. "अमुक चौकात, अमुक वाजता, कारने धडक दिली" असं स्पष्ट सांगा, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्या आणि केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस, म्हणून नोंदवायला सांगा.

तपासा: एमएलसी क्रमांक मिळाला का? केसपेपरचा फोटो काढला का?

## टप्पा २: गाड्या हलवण्याआधी फोटो

वाहतूक तुंबते, मागून हॉर्न वाजू लागतात आणि कोणीतरी म्हणतं, "अहो, बाजूला तर घ्या." कोणी गंभीर जखमी किंवा मृत असेल तर पोलीस येईपर्यंत गाड्या जागच्या हलवू नका. फक्त पत्रा चेपला असेल तर फोटो काढून मगच बाजूला घ्या. दोन मिनिटं पुरतात, पण क्रम हवा:

१. चौकाच्या चारही बाजूंनी लांबून एकेक फोटो. त्यात दोन्ही गाड्या आणि एखादी न हलणारी खूण एकत्र दिसली पाहिजे: दुकानाची पाटी, सिग्नलचा खांब, दुभाजकाचं टोक.

२. दोन्ही गाड्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते दाखवणारे फोटो. शक्य असेल तर फोन उंच धरून.

३. स्टॉप लाइन आणि झेब्रा क्रॉसिंगपासून गाडी किती पुढे आहे ते. रेघ पुसट असेल तर तिचाही फोटो. तो टप्पा ८ मध्ये लागेल.

४. रस्त्यावर पडलेली काच, बंपरचे तुकडे, सांडलेलं तेल, ब्रेकच्या खुणा. टक्कर नेमकी कुठे झाली ते गाड्या थांबल्या त्या जागेपेक्षा हे तुकडे जास्त खात्रीने सांगतात, कारण धडकेनंतर गाड्या घसरत पुढे जातात.

५. दोन्ही गाड्यांना मार कुठे लागला ते जवळून. समोरच्याचा पुढचा भाग तुमच्या मागच्या दारावर आदळला असेल, तर तुम्ही चौकात आधी शिरला होतात याचा तो चांगला पुरावा आहे. टक्कर पुढच्या चाकाशी झाली असेल तर तेवढ्या ठामपणे सांगता येत नाही.

६. सिग्नलचा तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, म्हणजे कुठला दिवा कधी बदलतो, डावीकडे बाण आहे का, एखादा दिवा बंद आहे का, ते दिसेल. झाडाच्या फांदीने किंवा फलकाने सिग्नल झाकला असेल तर चालकाच्या नजरेच्या उंचीवरून फोटो घ्या.

७. समोरच्याची नंबरप्लेट, परवाना, आरसी आणि विमा पॉलिसी.

गाडीत डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड लगेच काढून ठेवा. चालू राहिला तर नवं चित्रण जुन्यावर बसतं.

सावधान: "माझीच चूक झाली, नुकसान भरून देतो" असं कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून देऊ नका. विमा पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करता येत नाही. नंतर कंपनी त्याच ओळीवर बोट ठेवेल. माणुसकीने विचारपूस करायला, मदत करायला काहीच हरकत नाही. फक्त दोष कोणाचा ते तिथे उभं राहून ठरवू नका.

## टप्पा ३: चोवीस तासांत कॅमेरे शोधा

चौकातला खटला अनेकदा "सिग्नल माझा होता" विरुद्ध "सिग्नल माझा होता" असा असतो. हा गुंता कॅमेराच सोडवतो. दुकानांच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कुठे महिनाभर टिकतं, कुठे आठवडाभरही नाही.

१. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी चौकात पायी फेरी मारा. मेडिकल, एटीएम, पेट्रोल पंप, सोसायटीचं फाटक, ज्वेलर्स: कॅमेरा कुठे आहे आणि कुठे रोखलेला आहे ते लिहून काढा. चौकाच्या अलीकडचा कॅमेराही कामाचा असतो, त्यातून वेगाचा अंदाज येतो.

२. दुकानदाराला विनंती करून पडद्यावर चित्रण पाहा. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते तपासा आणि टिपून ठेवा. हे कोणी करत नाही, आणि मग साक्षीच्या वेळी सात मिनिटांच्या फरकावरून चांगलं चित्रण वादात अडकतं.

३. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: "अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेतलं, या या ठिकाणच्या कॅमेऱ्यांचं चित्रण जप्त करून जतन करावं." पोलिसांच्या आणि महापालिकेच्या कॅमेऱ्यांसाठी अर्जाची प्रत वाहतूक शाखेलाही द्या. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही.

४. सिग्नल त्या दिवशी सुरू होता का आणि त्याचं वेळापत्रक काय होतं, याची माहिती वाहतूक शाखेकडे माहिती अधिकारात मागा.

५. चित्रणाची प्रत स्वतः घेतली असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते देणारा माणूस, म्हणजे बहुधा दुकानमालक, वर्षभराने सापडेलच याची खात्री नसते. मूळ डीव्हीआर पोलिसांनी जप्त केलेला असला तर काम पुष्कळ सोपं होतं.

## टप्पा ४: पोलीस ठाणं, फिर्याद, पंचनामा, नकाशा

फिर्यादीत साधारण भारतीय न्याय संहितेची कलमं येतात: बेदरकार वाहन चालवण्यासाठी २८१, दुखापतीसाठी १२५, मृत्यू झाला असेल तर १०६(१). कलमांची काळजी पोलीस घेतील. तुमचं लक्ष मजकुरावर असू द्या.

फिर्यादीत या गोष्टी असल्याच पाहिजेत: तुम्ही कुठून कुठे जात होता, सिग्नल कुठल्या रंगाचा होता, समोरची गाडी कुठल्या रस्त्याने आली, ती वळत होती की सरळ, तुमच्या गाडीच्या कुठल्या भागावर आदळली, कोण कोण हजर होतं. आठवत नसेल ते "आठवत नाही" म्हणून सोडा. अंदाजाने सांगितलेला वेग किंवा रंग पुढे उलटतपासणीत तुमच्याच अंगावर येतो. लिहून झाल्यावर शांतपणे वाचा आणि मगच सही करा. फिर्यादीची प्रत मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे.

आता पंचनामा. चौकातल्या अपघातात सगळ्यात जास्त जीव या कागदात असतो आणि सगळ्यात कमी लक्ष याच्याकडे जातं. अनेकदा तो रात्री घाईत होतो, पंच म्हणून जवळच्या टपरीवरचे दोघे सह्या करतात आणि नकाशा म्हणजे एक फुली आणि दोन बाण. जखमीचे नातेवाईक त्या वेळी रुग्णालयात असतात हे खरंच आहे. पण घरातला एखादा माणूस, शेजारी, मित्र यापैकी कोणाला तरी चौकात पाठवा.

नीट काढलेल्या नकाशात काय असतं ते सांगतो. उत्तर दिशा दाखवलेली असते. प्रत्येक रस्त्याचं नाव आणि अंदाजे रुंदी असते. दुभाजक, सिग्नलचे खांब, स्टॉप लाइन, झेब्रा असतात. टक्कर झाल्याची जागा वेगळी आणि गाड्या थांबल्याची जागा वेगळी दाखवलेली असते, आणि दोन्हींचं अंतर एखाद्या पक्क्या खुणेपासून मोजलेलं असतं: "दुभाजकाच्या टोकापासून पूर्वेला चार मीटर" असं. काच आणि तुकडे कुठे पडले, ब्रेकची खूण किती लांब, पथदिवे चालू होते का, रस्ता ओला होता का, हेही असतं. यातलं अर्ध नसेल तर दुसऱ्याच दिवशी आपले फोटो जोडून लेखी अर्ज द्या की या या बाबींची नोंद घ्यावी, गरज असल्यास पुरवणी पंचनामा करावा. अधिकारी करतीलच असं नाही, पण तुम्ही वेळेत हरकत घेतली होती हे कागदावर राहतं.

मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत गाडी गॅरेजला देऊ नका. "ब्रेक लागले नाहीत" हा बचाव त्याच अहवालावर टिकतो किंवा पडतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावा (ओडी क्लेम) असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नका.

समोरचा चालक प्यायलेला वाटला तर रक्तचाचणीची मागणी तिथल्या तिथे आणि लेखी करा. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि तासागणिक हे प्रमाण उतरत जातं.

सावधान: तुम्हीच आरोपी असाल तर "गुन्हा कबूल करा, दंड भरा, सुटा" असा सल्ला कोर्टाच्या आवारात हमखास मिळेल. तो घेण्याआधी वकिलाशी बोला. फौजदारी कोर्टातली कबुली न्यायाधिकरणात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येते.

फिर्याद उशिरा झाली म्हणून दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात ते स्पष्ट केलं आहे. मात्र उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा.

## टप्पा ५: जबाबदारी नेमकी कशी ठरते

मोटार वाहने (वाहन चालवणे) विनियम, २०१७ मध्ये चौकात वाट कोणाची ते लिहिलेलं आहे. रस्त्यावर ते फार थोड्यांना ठाऊक असतं. आपला अपघात खालीलपैकी कुठल्या प्रकारात बसतो ते आधी ठरवा, म्हणजे कुठला पुरावा शोधायचा ते कळतं.

सिग्नल तोडून टक्कर. लाल दिव्यावर शिरणाऱ्याचा दोष मोठा. पण हिरवा दिवा म्हणजे डोळे मिटून जायची परवानगी नव्हे. आधीच चौकात अडकलेली गाडी किंवा झेब्रावरचा पादचारी दिसत असताना रेटून नेली तर हिरवा असणाऱ्यालाही वाटा येतो.

सरळ जाणारा आणि उजवीकडे वळणारा. वळणाऱ्याने थांबायचं असतं. इथे वाद सरळ जाणाऱ्याच्या वेगावर येतो, म्हणून ब्रेकच्या खुणा आणि अलीकडचा कॅमेरा महत्त्वाचा.

सिग्नल नसलेला चौक. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्याला वाट द्यायची. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. "मी आधी हॉर्न दिला" याला काही अर्थ नाही.

रात्री पिवळा दिवा लुकलुकत असताना. दोन्ही बाजूंनी वेग कमी करून, पाहून जायचं असतं. दोघेही सुसाट आले असतील तर दोष बहुतेक वेळा वाटला जातो.

सर्कल. आत फिरत असलेल्याला वाट, शिरणाऱ्याने थांबायचं.

डावीकडे वळणारी बस किंवा डंपर आणि आतून घुसलेली दुचाकी. शहरांतले सर्वात जीवघेणे अपघात यातलेच. मोठं वाहन आधीपासून डाव्या लेनमध्ये होतं का, इंडिकेटर दिला होता का, दुचाकी आधीपासून शेजारी होती की फटीतून पुढे आली, हे प्रश्न आहेत. मार पुढच्या चाकाशी की मागच्या, यावरून बरंच कळतं.

उलट्या दिशेने आलेलं वाहन. दोष उघड दिसतो, पण सिद्ध करावा लागतो. नकाशात बाण चुकला तर उलटं येणारा सुलटा ठरतो.

आता दोन गोष्टी, ज्यांची गल्लत वकीलसुद्धा करतात. जखमीचा स्वतःचा काही दोष असेल तर त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात, आणि भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. जखमी मात्र तिसराच असेल, म्हणजे रिक्षातला प्रवासी, मागे बसलेली पत्नी किंवा फुटपाथवरचा माणूस, आणि दोष दोन चालकांचा असेल, तर तो संयुक्त निष्काळजीपणा. त्यात जखमी दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. खेन्येई निकालात, २०१५ साली, सर्वोच्च न्यायालयाने हे ठाम सांगितलं. त्यामुळे "निम्मा दोष रिक्षाचा, म्हणून आम्ही निम्मेच देऊ" असं कारची विमा कंपनी म्हणाली तर मान डोलवू नका.

टक्क्यांची किंमत किती ते आकड्यांत पाहा. ३५ वर्षांचा स्वयंरोजगारी माणूस, महिन्याची कमाई ३०,००० रुपये, घरी पत्नी, दोन मुलं आणि आई. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या सूत्राने:

- भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून मासिक ४२,०००
- स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करून ३१,५००
- वर्षाचे ३,७८,०००
- वर्षाच्या रकमेला गुणायचा या वयासाठी ठरलेला आकडा, म्हणजे गुणक, १६, म्हणून ६०,४८,०००

यात अंत्यविधी, जवळच्या माणसाचा सहवास गमावणं वगैरेंच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या मिळवल्या जातात. आता कोणीतरी पंचनाम्यात "दुचाकी अचानक आडवी आली" एवढंच लिहिलं आणि त्यावरून २५ टक्के दोष मृताच्या माथी गेला, तर या रकमेतून १५,१२,००० रुपये जातात. एका ओळीपायी.

परवाना नव्हता किंवा दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरून आपोआप दोष लागत नाही. त्या गोष्टीमुळे टक्कर झाली हे दाखवावं लागतं. सुधीरकुमार राणा (२००८) आणि मोहम्मद सिद्दिकी (२०२०) हे दोन निकाल वकिलाच्या कानावर घाला. आणि न्यायाधिकरणाला फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढं दाखवलं तरी पुरतं. म्हणून चालक फौजदारी कोर्टातून सुटला तरी तुमचा दावा आपोआप संपत नाही.

गाडी अल्पवयीन चालवत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार (यापुढची कलमंही याच कायद्याची) पालक किंवा मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि बारा महिन्यांसाठी गाडीची नोंदणी रद्द. "मला न विचारता चावी नेली" हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या रात्री दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्यानंतर हे कलम घराघरात पोहोचलं. तरी शाळांबाहेर सोळा वर्षांची मुलं स्कूटर घेऊन उभी दिसतात, आणि ते पाहून पोटात कालवतं.

## टप्पा ६: पोलिसांच्या मुदती तुम्ही मोजा

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तपासाला कालमर्यादा आहे. ही यादी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका:

- ४८ तास: पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरण आणि विमा कंपनीकडे
- १० दिवस: पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म
- ३० दिवस: चालक आणि मालक यांचे फॉर्म
- ५० दिवस: अंतरिम अहवाल
- ६० दिवस: पीडिताने स्वतःचा फॉर्म भरून देणं
- ९० दिवस: सविस्तर अपघात अहवाल

मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे स्मरणपत्र द्या, भांडायला जाऊ नका. शिक्क्याची प्रत फाइलमध्ये ठेवली की काम होतं.

धडक देऊन पळालेली गाडी सापडत नसेल तर कलम १६१ ची वाट आहे: मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. अर्ज अपघात जिथे झाला त्या भागातल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. ही योजना असूनही फार थोडी कुटुंबं तिथवर पोहोचतात.

## टप्पा ७: दावा दाखल करणं

१. मुदत. कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिने. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पाचव्या महिन्याच्या आत अर्ज दाखल झालेला असावा. पोलिसांचा अहवाल न्यायाधिकरण दावा म्हणून धरू शकतं, तरी आपला स्वतंत्र अर्ज करा.

२. ठिकाण. अपघात झाला तिथे, किंवा तुम्ही राहता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. मुंबईत अपघात झाला आणि घर साताऱ्यात असेल तर साताऱ्यात दावा चालतो. दर तारखेला मुंबईला जायची गरज नाही.

३. कलम कुठलं. १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण ती रक्कम स्वीकारली की १६६ खालचा, म्हणजे समोरच्याचा दोष दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, दावा संपतो. वरच्या हिशेबातल्या कुटुंबाने घाईत पाच लाख घेतले तर काय होईल ते दिसतंच आहे. मृताचा दोष जवळजवळ पूर्ण असेल किंवा पुरावाच नसेल तर १६४ चा विचार करा.

४. प्रतिवादी. चालक, मालक, विमा कंपनी, तिघेही. गाडी विकली गेली असेल तर आरसीवर नाव कोणाचं ते पाहा. कायद्याच्या नजरेत मालक तोच.

५. कमाईचा पुरावा. हा सगळ्यात कच्चा दुवा. पगारपत्रक, आयकर विवरणपत्र, बँकेचा उतारा, जीएसटी, शेतीचा सातबारा. भाजीविक्रेता, प्लंबर, शिकवणी घेणारी बाई यांच्याकडे कागद नसतो. तेव्हा यूपीआयच्या नोंदी, पुरवठादाराच्या पावत्या, नेहमीच्या दोन-तीन ग्राहकांच्या साक्षी गोळा करा.

६. अपंगत्व. शरीराचं अपंगत्व ४० टक्के म्हणजे कमाईचं नुकसानही ४० टक्के असं नसतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) नुसार माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहायचं असतं. ट्रकचालकाचा पाय गेला तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावण्याची तयारी ठेवा.

तपासा: औषधांच्या बिलांसोबत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आहेत का? टॅक्सी-रिक्षाच्या, मदतनिसाच्या पगाराच्या पावत्या? थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, आजच फोटोकॉपी काढा.

## टप्पा ८: दोष चौकाचाच असेल तर

सिग्नल महिनोन् महिने बंद, स्टॉप लाइन पुसलेली, दुभाजकाला चुकीच्या जागी तोड, मेट्रोच्या पत्र्यांमुळे वळण दिसत नाही. अशा वेळी आधी तो रस्ता कोणाचा ते शोधा: महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. पुण्यातल्या नवले पुलासारख्या ठिकाणी महामार्ग एकाचा, सेवारस्ता दुसऱ्याचा, आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून नोटीस दोघांनाही द्या.

रस्त्याची रचना आणि देखभाल ठरल्या मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कलम १९८-अ खाली अधिकारी, कंत्राटदार आणि सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड तुमच्या खिशात येत नाही, पण जबाबदारी नोंदली जाते. भरपाईसाठी वेगळी मागणी करावी लागते. खड्डा किंवा उघडं मॅनहोल कारणीभूत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वाट आखून दिली आहे: मृत्यूसाठी वारसांना सहा लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख.

माहिती अधिकारात विचारा: या चौकात गेल्या तीन वर्षांत किती अपघात नोंदले गेले? हा भाग ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, म्हणून जाहीर आहे का? राष्ट्रीय महामार्गावर साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू, हा त्याचा निकष आहे. धोका आधीपासून माहीत होता आणि तरी काही केलं नाही, हे याच उत्तरातून सिद्ध होतं.

सावधान: रस्त्याचा दोष दाखवताना समोरच्या चालकाला मोकळं सोडू नका. विमा कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

## टप्पा ९: तडजोड, निकाल, अपील

विमा कंपनी मध्येच तडजोडीचा आकडा देईल, बहुधा लोकअदालतीच्या आदल्या आठवड्यात. आपला हिशेब वरच्या सूत्राने आधी करून ठेवलेला असेल तरच बसा. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं. दुसरीकडे, वर्षानुवर्षं तारखांना जाणं ज्या विधवेला झेपणार नाही, तिच्यासाठी थोडी कमी पण आत्ता मिळणारी रक्कम शहाणपणाची ठरू शकते. हा निर्णय वकिलाचा नाही, कुटुंबाचा आहे.

निकालानंतर ३० दिवसांत रक्कम भरायची असते. भरली नाही तर न्यायाधिकरणाकडून वसुली दाखला मागा. जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. व्याज कुठल्या तारखेपासून धरलं आहे ते निकालपत्रात नीट वाचा.

अपील उच्च न्यायालयात ९० दिवसांत. वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे. विमा कंपनीने अपील केलं तर त्यांनी जमा केलेल्या रकमेपैकी काही भाग काढून घेण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला करा, आणि भरपाई कमी वाटत असेल तर आपली हरकत त्याच वेळी दाखल करा.